तडीपारीची नोटीस आली तर काय करायचं: कोल्हापूर जिल्ह्यातल्या लोकांसाठी पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत

आमच्या मावसभावाला तडीपारीची नोटीस आली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकानं वेगळा सल्ला दिला. एक म्हणाला नोटीस घेऊच नको, दुसरा म्हणाला साहेबांना भेटून मिटवून टाक, तिसरा म्हणाला काय होत नसतंय, सणापुरतं असतंय. तिन्ही सल्ले चुकीचे. नंतर त्याच्याबरोबर पोलीस ठाणं, प्रांत ऑफिस, वकिलांचं ऑफिस असं फिरताना जे कळत गेलं ते इथं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या माणसाला निदान सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल. मी वकील नाही, त्यामुळं हे वाचून स्वतःच केस लढवायला जाऊ नका, पण वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं एवढं नक्की कळेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं त्याच्याभोवतीच आहे: तडीपारीची खरी लढाई नोटिशीला उत्तर देताना असते. आदेश निघाल्यावर अपील आहे, हायकोर्ट आहे, सगळं आहे, पण तिथं बघतात ते मुख्यतः प्रांतांच्या फाईलीत काय होतं आणि काय नव्हतं. फाईलीत तुमच्या बाजूचा एकही कागद नसेल तर पुढचा वकील कितीही भारी असू दे, त्याच्या हातात काही रहात नाही.

१. आधी बघा, ही नोटीस नक्की कशाची आहे

लोक सगळ्यालाच तडीपारी म्हणतात. पण पोलिसांकडून येणारे कागद वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

चॅप्टर केस म्हणजे शांतता राखीन असं बंधपत्र लिहून द्यायला लावणं. आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १०७ आणि ११० होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात (बीएनएसएस) ते १२६ आणि १२९ झालं. यात तुम्हाला गाव सोडायला लागत नाही.

गणपती, निवडणूक अशा वेळी काही दिवस शहरात यायचं नाही असा आदेश निघतो तो जुन्या १४४ खाली, आता नवीन कायद्याचं १६३. हा थोड्या काळापुरता असतोय, एका आदेशाची मुदत दोन महिन्यांपेक्षा जास्त नसते. "सणापुरतं असतंय" म्हणणारे लोक याच्याशी गल्लत करतात.

एमपीडीए म्हणजे १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा. त्यात माणसाला जिल्ह्याबाहेर घालवत नाहीत, थेट जेलमध्ये ठेवतात, एक वर्षापर्यंत. ते प्रकरण लई गंभीर, त्यात एक दिवसही न थांबता वकील गाठा.

आणि खरी तडीपारी, म्हणजे हद्दपारी, ही महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ ची कलमं ५५, ५६ आणि ५७. नोटिशीच्या वरच्या भागात कलम लिहिलेलं असतंय, तिथं बोट ठेवून बघा:

- कलम ५५: टोळीसाठी. चार-सहा जणांची नावं एकत्र घालून हद्दपार करतात, आपल्याकडं हे आदेश जिल्हा पोलीस अधीक्षक, म्हणजे एसपी काढतात.
- कलम ५६: एकट्या माणसासाठी, आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही त्यामुळं हा आदेश प्रांताधिकारी काढतात. शहराच्या लोकांसाठी करवीर प्रांत, इचलकरंजीकडं इचलकरंजी प्रांत, गडहिंग्लज भागात गडहिंग्लज प्रांत, असं.
- कलम ५७: ज्याला आधीच कोर्टात शिक्षा झालीय त्याच्यासाठी. नुसता गुन्हा दाखल असून चालत नाही, शिक्षा लागते.

हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते (कलम ५८).

२. कागद कसा फिरतो ते समजून घ्या

ठाण्याचे पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, प्रस्ताव तयार करतात. त्यात गुन्ह्यांची यादी असते, केलेल्या चॅप्टर केसेस असतात आणि गोपनीय जबाब असतात, ज्याला सगळे "इन कॅमेरा" म्हणतात. म्हणजे गल्लीतले दोन-तीन लोक नाव न सांगायच्या अटीवर सांगतात की ह्या माणसाची दहशत आहे, आम्ही उघड साक्ष देऊ शकत नाही. प्रस्ताव प्रांतांकडं जातो, बऱ्याचदा प्रांत तो चौकशीसाठी डीवायएसपींकडं, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांकडं, पाठवतात, डीवायएसपी तुम्हाला कलम ५९ ची नोटीस देऊन बोलावतात, म्हणणं घेतात, अहवाल देतात, मग प्रांत स्वतःची कारणे दाखवा नोटीस काढतात आणि त्यांच्यासमोर सुनावणी होते.

म्हणजे बहुतेक वेळा नोटिसा दोनदा येतात. लोक काय करतात, पहिली डीवायएसपींची नोटीस आली की जाऊन तोंडी काहीतरी बोलून येतात, "मी काय केलं नाही साहेब" एवढं, आणि समोर ठेवलेल्या कागदावर सही करतात. तो कागद फाईलीला लागतो. त्यामुळं पहिल्या नोटिशीपासूनच लेखी उत्तर द्यायचं आणि सही करायच्या आधी कागद पूर्ण वाचायचा, वाचता येत नसेल तर बरोबर कुणाला तरी न्यायचं.

३. नोटीस घ्या. पळू नका.

नोटीस नाकारली तर ती पंचांसमोर दाराला डकवतात आणि पुढं "नोटीस बजावली, हजर राहिला नाही" असं लिहून एकतर्फी काम चालू होतं. नोटीस घेताना सही करायची, सहीच्या खाली आजची तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं लिहायची. हे तारखेचं नंतर कामाला येतं, कारण उत्तराला दिलेला वेळ पुरेसा होता का नाही हा मुद्दा तिथनंच निघतो. घरी आल्याबरोबर सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि दोन झेरॉक्स. सोबत जोडपत्रं आहेत असं लिहिलं असेल आणि हातात दिली नसतील तर लगेच लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या.

पोच म्हणजे तुमच्याकडच्या कॉपीवर त्यांचा आवक शिक्का. "देतो नंतर", "साहेब नाहीत" असं झालं तर स्पीड पोस्टानं पाठवा. या सगळ्या भानगडीत जे तोंडी झालं ते झालंच नाही असं धरून चाला.

४. कागद गोळा करायला त्याच दिवशी लागा

नोटिशीतली मुदत कमी असते आणि कोर्टातल्या नकला मिळायला वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यात आधी.

- नोटीस, जोडपत्रांसह
- नोटिशीत लिहिलेल्या प्रत्येक गुन्ह्याची आजची स्थिती. ई-कोर्ट्स ॲपवर नाव टाकून किंवा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) टाकून केस सापडते
- निर्दोष सुटला असाल त्या निकालांच्या सही-शिक्क्याच्या नकला (कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा)
- चालू केसमधल्या जामिनाचे आदेश
- तडजोड झाली असेल, हायकोर्टानं गुन्हा रद्द केला असेल तर ते आदेश
- आधार, रेशनकार्ड, घरफाळ्याची पावती किंवा भाडेकरार
- कामाचा पुरावा: एमआयडीसीत असाल तर कंपनीचं पत्र, पगाराची स्लिप, पीएफ, स्वतःचा धंदा असेल तर उद्यम किंवा दुकानाचा परवाना, शेती असेल तर सातबारा आणि कारखान्याची ऊस बिलं
- घरात आजारी माणूस, लहान मुलं असतील तर दवाखान्याचे, शाळेचे कागद
- शेजाऱ्यांची, कामावरच्या लोकांची प्रतिज्ञापत्रं

शेवटच्याबद्दल थोडं बोलतो. लोक धावत जाऊन माजी नगरसेवकाचं नाहीतर तालमीच्या अध्यक्षांचं पत्र आणतात, "सदर इसम चांगल्या वर्तणुकीचा आहे". अशी पत्रं फाईलीत ढिगानं असतात आणि त्याला कोण फारसं विचारत नाही. त्यापेक्षा शेजारच्या काकूंनी, किराणा दुकानदारानं, सुपरवायझरनं स्टॅम्पवर लिहून दिलं की आम्ही ह्याच्या शेजारी अमुक वर्षं राहतोय, आम्हाला ह्याची भीती नाही, असं कधी झालं नाही, तर त्याला जास्त वजन आहे. कारण पोलिसांचं म्हणणंच असं असतं की लोक ह्याला घाबरतात.

५. नोटीस रेघ मारत मारत वाचा

हे काम वकील करतीलच, पण तुम्हाला तुमच्या केसेसची माहिती वकिलापेक्षा जास्त आहे, त्यामुळं आधी स्वतः बसा.

*गुन्ह्यांची यादी.* प्रत्येक नंबरसमोर लिहा: कधीचा, कुणाबरोबर, आता काय स्थिती. यादीत निर्दोष सुटलेल्या केसेस "न्यायप्रविष्ट" म्हणून पडलेल्या असतात. नाव सारखं म्हणून दुसऱ्याचाच गुन्हा चिकटलेला असतो, पेठेत एका नावाची चार पोरं असतात. भावकीतल्या बांधाच्या भांडणाचा गुन्हा असतो, ज्याचा सार्वजनिक दहशतीशी काय संबंध. मॅचनंतरच्या हाणामारीत, मिरवणुकीतल्या वादात सरसकट पंचवीस जणांची नावं घातलेली असतात. हे सगळं एकेक करून उत्तरात यायला पाहिजे.

*जुने गुन्हे.* शेवटचा गुन्हा आणि आत्ताची नोटीस यात बरंच अंतर असेल तर तो मोठा मुद्दा आहे. जुन्या गोष्टींच्या जोरावर आज हद्दपार करायचं तर त्या गोष्टींचा आजच्या परिस्थितीशी जिवंत संबंध दाखवायला लागतो.

*कोणत्या प्रकारचे गुन्हे.* कलम ५६ च्या ज्या भागात "साक्षीदार पुढं यायला घाबरतात" हे येतं, तो भाग बळजबरी-हिंसेच्या गुन्ह्यांसाठी आणि आयपीसीच्या १२, १६, १७ या प्रकरणांतल्या गुन्ह्यांसाठी आहे, म्हणजे साधारण शरीराविरुद्धचे आणि मालमत्तेविरुद्धचे. मटक्याच्या, दारूच्या केसेस त्यात बसत नाहीत. तुमच्या यादीत असल्याच केसेस जास्त असतील तर वकिलाला हे आवर्जून विचारा.

*गोपनीय जबाब.* साक्षीदारांची नावं तुम्हाला मिळणार नाहीत आणि त्यांची उलटतपासणीही नाही, त्यावर शक्ती घालवू नका. कायदा म्हणतो की आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवायचं, एवढंच, आणि सुप्रीम कोर्टानं पंढरीनाथ रांगणेकर केसमध्ये हे फार पूर्वीच मान्य केलंय. पण सर्वसाधारण म्हणजे पोकळ नव्हे. कुठला भाग, साधारण कुठला काळ, काय प्रकार, एवढं तरी कळलं पाहिजे, नाहीतर माणूस उत्तर काय देणार. जबाबात लिहिलेल्या काळात तुम्ही कामाला पुण्यात होता, दवाखान्यात ॲडमिट होता, जेलमध्येच होता, असं काही असेल तर पुरावा लावा.

*किती हद्द, किती मुदत.* सगळे गुन्हे राजारामपुरी ठाण्याचे आणि हद्दपारी मात्र कोल्हापूरसह सांगली जिल्ह्यातून, असं प्रस्तावात असेल तर विचारा की कशासाठी. मुदतीचं पण तसंच. सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०२२ ला दीपक डोंगरे केसमध्ये, जालना जिल्ह्यातली केस ती, स्पष्ट सांगितलं की हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या कुठंही फिरायच्या मूलभूत हक्कावर, म्हणजे घटनेच्या कलम १९ वर घाला येतो, त्यामुळं अधिकाऱ्याचं समाधान कागदोपत्री साहित्यावर आधारलेलं पाहिजे आणि पूर्ण दोन वर्षं लावायची तर तेवढीच का याचा विचार आदेशात दिसला पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी रहमत खान केसमध्ये अमरावतीचा आदेश रद्द करताना पण असंच म्हटलं होतं. ह्या दोन केसेसची नावं माहीत असू द्या, वकिलाला तर माहीत असतीलच, पण तुम्ही नाव काढलं की समोरच्याला कळतं की माणूस वाचून आलाय.

६. वकील कसा गाठायचा

कलम ५९ प्रमाणं तुम्हाला वकिलामार्फत हजर रहायचा, लेखी म्हणणं द्यायचा आणि आपले साक्षीदार तपासायला लावायचा हक्क आहे. "प्रांतांपुढं वकील कशाला, उगाच साहेब चिडतील" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका.

फौजदारी काम करणारा वकील बघा आणि थेट विचारा की ५५-५६ ची कामं केलीत का, उत्तर स्वतः लिहिणार का टाईप केलेला जुना मसुदा नाव बदलून देणार, आणि प्रांत, पुण्यातलं अपील, हायकोर्ट या तिन्ही टप्प्यांची फी वेगवेगळी किती. फीची पावती मागायला लाजू नका. जागेची केस बघणारे ओळखीचे वकील काका असतात प्रत्येकाच्या घरात, माणूस चांगला असतो पण ह्या कामाची सवय नसते, त्यांना विचारून दुसऱ्याचं नाव घ्या.

पैसे नसतील तर मोफत वकील मिळतो आणि ही काय भीक नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ आहे. अनुसूचित जाती-जमाती, महिला, दिव्यांग, कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत पाहिजे. इथं एक गोंधळ होतो: आई किंवा बायको अर्ज घेऊन गेली म्हणजे महिला म्हणून बसलं असं नाही, ज्याच्यावर नोटीस आहे त्याची पात्रता बघतात.

जायचं कुठं: कसबा बावडा रोडच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तालुक्याचे लोक आपल्या तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज देऊ शकतात. १५१०० हा हेल्पलाईन नंबर. सोबत नोटिशीची झेरॉक्स, आधार, उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा दाखला. "हे कोर्टातलं काम नाही, प्रांताकडचं आहे" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की त्या कायद्यात कोर्ट या शब्दात अर्धन्यायिक अधिकारी पण येतात. अर्ज करताना उत्तराची तारीख वर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे फाईल पडून रहात नाही.

७. सुनावणी

तारीख चुकवायची नाही. वकील येणार असले तरी स्वतः जावा, चौकशी चालू असताना हजर रहाण्यासाठी जामीनपत्र पण मागू शकतात, ते द्यायला लागतं. वकील अजून मिळाला नाही, नकला आल्या नाहीत, तर मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या, कारण लिहा, नकलेच्या अर्जाची पावती जोडा. आपले साक्षीदार तपासायचे असतील तर त्याचाही अर्ज लेखीच. नाकारायचा तर प्रांतांना कारण नोंदवायला लागतं, आणि ते कारण पुढं तुमच्या कामाचं असतं.

कपडे साधे, बरोबर दोन माणसं बास. वीस पोरं गाडीवरनं प्रांत ऑफिसला नेऊन दहशत नाही असं सिद्ध करता येत नाही, एवढं तरी कळलं पाहिजे. स्टेटसला काय टाकू नका. रील तर नकोच.

आणि "मिटवून देतो" म्हणणारे. प्रत्येक ऑफिसच्या बाहेर चहाच्या गाड्यावर एक असतो. तो तुमच्याकडनं पैसे घेतो, आदेश निघाला तर म्हणतो वरनं प्रेशर होतं, नाही निघाला तर म्हणतो मी केलं. खुद्द कुणी अधिकारी-कर्मचारी पैसे मागत असेल तर लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर आहे.

८. आदेश निघाला तर

आधी जिल्हा सोडा, मग भांडा. अपील केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही, स्टे मिळेपर्यंत तो लागू असतो. दिलेल्या वेळेत नाही गेला तर पोलीस पकडून हद्दीबाहेर नेऊन सोडतात, आणि परवानगीशिवाय परत आला तर कलम १४२ खाली नवीन गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तडीपार असताना घरात सापडला अशा बातम्या पेपरात रोज येतात, त्यातले कितीतरी जण आईला बघायला नाहीतर जत्रेला आलेले असतात.

कुठं जायचं ते नकाशा समोर घेऊन ठरवा, आणि इथं आपल्या जिल्ह्याची खास अडचण आहे. आदेश कोल्हापूर जिल्ह्याचा असेल तर नुसतं जिल्ह्यातनं जाणं पण प्रवेशच. निपाणीत राहिला, कर्नाटकात आहे, तिथं आदेश लागू नाही, ठीक. पण निपाणीतनं पुण्याची गाडी धरली की ती कागल, कोल्हापूर, किणी करत वारणेच्या पुलापर्यंत आपल्याच जिल्ह्यातनं जाते. रत्नागिरीत पाहुण्यांकडं राहिला आणि सांगलीला निघाला तर आंबा घाट चढायच्या आधी विचार करा, वर आपलीच शाहूवाडी आहे. सांगलीत राहून जयसिंगपूरला भाजी आणायला गेला, अंकलीचा पूल ओलांडला, संपलं. बेळगाव-मिरज रेल्वे मात्र कुडचीवरनं जाते, कोल्हापूर जिल्ह्याला शिवत नाही. आदेशात सांगली जिल्हा पण असेल तर मिरज पण गेलं. त्यामुळं आदेशातली हद्द शब्दन् शब्द वाचा, कधी जिल्हा असतो, कधी चारच तालुके.

जिथं रहायला जाल तिथल्या पोलीस ठाण्यात पत्ता कळवायची अट असते, ती पाळा आणि पोच ठेवा. चालू केसच्या कोर्ट तारखांना यायची मुभा आदेशात दिलीय का बघा, असेल तर ज्या पद्धतीनं कळवून यायला सांगितलंय तसंच या आणि काम झालं की त्याच दिवशी परत जावा. घरात मयत झाली, लग्न आहे, ऑपरेशन आहे तर तात्पुरत्या प्रवेशाची लेखी परवानगी मागता येते. फोनवर "या की, कोण बघतंय" म्हणणाऱ्या हवालदाराच्या भरवशावर येऊ नका.

९. अपील आणि हायकोर्ट

आदेशाची सही-शिक्क्याची प्रत लगेच मागा. अपील कलम ६० खाली राज्य सरकारकडं, मुदत ३० दिवस, नक्कल मिळायला गेलेला वेळ त्यातनं वजा होतो. प्रांतांच्या आदेशाविरुद्धचं आपल्या भागातलं अपील पुण्याला विभागीय आयुक्तांपुढं चालतं. अपिलाबरोबर स्टेचा अर्ज वेगळा जोडायचा, हे विसरलं तर अपील चालू आणि माणूस बाहेरच असं होतं.

नोटीस आणि आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचा. नोटिशीत पाच गुन्हे होते आणि आदेशात सात आले, किंवा नोटिशीत नसलेली एखादी गोष्ट आदेशात आधार म्हणून आली, तर त्यावर तुम्हाला बोलायची संधीच मिळाली नाही, आणि असले आदेश कोर्टात टिकत नाहीत. साक्षीदार घाबरतात असं अधिकाऱ्याचं स्वतःचं मत आदेशात आहे का, तुमच्या लेखी उत्तराचा उल्लेख तरी आहे का, दोन वर्षं का याला एखादी ओळ आहे का, हे बघा. कलम ६१ नुसार कोर्टात या आदेशाला थोड्याच मुद्द्यांवर हात घालता येतो: कलम ५९ ची पद्धत पाळली नाही, अधिकाऱ्यासमोर काही साहित्यच नव्हतं, किंवा साक्षीदारांबाबतचं मत बनवलंच नव्हतं. "माझा भाऊ चांगला आहे" हा मुद्दा तिथं नाही. तो नोटिशीच्या उत्तरात मांडायचा होता.

अपील फेटाळलं तर हायकोर्टात रिट. यासाठी पूर्वी मुंबईला पळायला लागायचं, रात्रीची गाडी, लॉज, वकिलाची फी आणि तारीख पडली की परत तेच. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच सुरू झालंय, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडलेत. गरीब घरासाठी हा फरक लई मोठा आहे. पण गंमत बघा, तडीपार माणूस स्वतः त्या इमारतीत येऊ शकत नाही कारण ती कोल्हापुरात. त्यामुळं हद्द सोडायच्या आधीच वकीलपत्रावर, अपिलाच्या कागदांवर, प्रतिज्ञापत्रावर काय काय सह्या लागतील ते वकिलाला विचारून घ्या, आणि घरातला एक माणूस ठरवा जो पुढं सगळं बघेल. शक्यतो असा जो फोन उचलतो. प्रतिज्ञापत्र नंतर लागलं तर सांगलीत किंवा निपाणीत नोटरीपुढं पण करता येतं.

हायकोर्टात लागलीच स्टे मिळेल असं धरू नका. कधीकधी सुनावणी होईपर्यंत निम्मी मुदत संपलेली असते. म्हणून वकिलाला लवकर सुनावणीचा अर्ज करायला सांगा आणि मुदत किती उरलीय ते त्यात लिहायला लावा.

१०. बाहेर असताना आणि परत येताना

बाहेर एखादा नवीन गुन्हा लागला तर पुढच्या प्रस्तावाला आयतं कारण मिळतं, त्यामुळं काम शोधा, पगाराच्या नोंदी, भाड्याच्या पावत्या जपून ठेवा. मुदत मोजताना आदेशाची तारीख नाही, हद्दीबाहेर गेल्याची तारीख धरतात, म्हणून त्या दिवसाचा पोलिसांच्या नोंदीचा कागद किंवा निदान एसटीचं तिकीट सांभाळून ठेवा. मुदत संपली की परत यायच्या आधी वकिलाकडनं तारीख एकदा तपासून घ्या, एक दिवस आधी आलं तरी १४२ लागतं. आल्यावर ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढचे काही महिने आदेशाची झेरॉक्स गाडीच्या कागदांबरोबर ठेवा, कारण ठाण्यातल्या यादीतनं नाव निघायला वेळ लागतो आणि रात्रीच्या नाकाबंदीत जुनीच यादी घेऊन उभे असतात.